मायची गाणी : पवनी तालुक्यातील एका कास्तकार उपासिकेची आठवण



आपल्या विहाराच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी 'आंबेडकरी चळवळीत भंडारा जिल्ह्याचे योगदान' या विषयावर लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी काही लेखक नाही. शाळा सातवीत सुटली. राईस मिलमध्ये आधी पोती वाहिली, मग हॉलरवर उभा राहिलो, आणि जेवणाच्या सुट्टीत जे हाती लागलं ते वाचलं, एवढीच माझी विद्या. तरी बसलो लिहायला. चार पानं झाली. पुढाऱ्यांची नावं, सभांच्या तारखा, मोर्चे, निवडणुका. वाचून पाहिलं तर चार पानांत एकही बाई नव्हती. ज्या बांधीतल्या चिखलातून आमच्या पोटात भात गेला, त्या बांधीतली तर मुळीच नव्हती. ती पानं बाजूला ठेवली आणि हा लेख माझ्या मायवर लिहितो आहे. घरचीच बाई घेतली असा आरोप कोणी केला तर तो मला मान्य आहे.

मायचं जन्मसाल कुठं लिहिलेलं नव्हतं. वय विचारलं की ती म्हणायची, "बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे झाले, तवा मी बारा-तेरा वर्साची असन." आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं पंचांग हेच. तेव्हा त्या निवडणुकीबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण आजच्या पोरांना ते ठाऊक नसतं.

ही गोष्ट १९५४ सालच्या लोकसभा पोटनिवडणुकीची. त्यावेळी भंडारा जिल्ह्यात आजचा गोंदिया जिल्हाही होता, तो १ मे १९९९ ला वेगळा झाला. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर परमपूज्य बाबासाहेब उभे होते, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. काही कार्यकर्त्यांनी सुचवलं, की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं वाया घालवावं, म्हणजे विजय पक्का. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला, असं जुनी माणसं आजही सांगतात. ज्यानं घटना लिहिली त्यानं मत वाया घालवा असं कसं सांगावं? निकाल लागला. मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले.

माय आपल्या बापासोबत बंडीत बसून सभेला गेली होती. मी लहानपणी फार विचारायचो, बाबासाहेब कसे दिसले? तिचं उत्तर ठरलेलं. "दिसले नाई बापा. मान्सायचे पटकेच दिसले." पण आवाज ऐकला म्हणायची. निकालाच्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. त्यावर तिच्या मायनं, म्हणजे माझ्या आजीनं, जात्यावर एक गाणं केलं. मतपेटी म्हणजे कुलूप लावलेली ढोली, धान आमचंच आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा काही त्याचा अर्थ होता. शब्द मला येत नाहीत. असं या लेखात पुष्कळदा येणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ती आईबापासोबत गेली. काही वाट पायी, काही बंडीनं. पांढरं लुगडं नवं घ्यायला पैसा नव्हता, म्हणून जुनंच छुईमातीत घोळून पांढरं केलं, ते वाळल्यावर वाटेभर झडत राहिलं. हे सांगताना ती हसायची. ६ डिसेंबरची गोष्ट मात्र ती कधी सांगत नव्हती.

लग्न होऊन ती आमच्या गावी आली. घरी तीन एकर बांधी, पाणी मालगुजारी तलावाचं. म्हणजे तलाव भरला तर धान, नाही तर लोकाच्या बांधीत रोवणी. ज्यांनी धानाची शेती केली नाही त्यांना सांगतो, रोवणी म्हणजे काय ते. आषाढात पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, गुडघाभर चिखलात वाकून एकेक रोप लावत मागं मागं सरकायचं. सकाळपासून अंधार पडेस्तोवर कंबर सरळ करायची सोय नाही. वरून पाऊस. अशा वेळी बाया गातात. गाणं नसेल तर हात एका चालीनं पडत नाहीत, रांग वाकडी होते. एक बाई उचलते, बाकीच्या झेलतात. आमच्या गावात उचलणारी माय होती. दुसऱ्या गावचे कास्तकार रोवणीसाठी बाया सांगायला येत, तर आधी विचारत, "ते गानेवाली येते का?"

मी एकदा विचारलं, तुला गाणी सुचतात कशी? ती म्हणाली, "मले का गानं येते? बांधीत हात चालते त तोंडबी चालते."

तिचा खरा कस लागला तो १९६४ च्या हिवाळ्यात. माझा जन्म त्यानंतरचा, हे सर्व ऐकीव आहे, पण गावात सांगणारे अजून दोन-तीन जण आहेत. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षानं दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. फेब्रुवारी १९६५ पर्यंत तीन लाखांहून अधिक माणसं जेलात गेली. आमच्या मोहल्ल्यातले धडधाकट गडी झाडून गेले, त्यात बाबूही होते.

आता डिसेंबर म्हणजे आमच्याकडे काय? धान कापून खळ्यावर आलेलं असतं. पुंजणे रचलेले असतात, चुरणा व्हायचा असतो. तो वेळेवर झाला नाही तर उंदीर आहेत, आगीची भीती आहे, आणि सावकाराचा माणूस खळ्यावर येऊन उभा राहतो तो वेगळाच. गडी जेलात, बैल गोठ्यात आणि धान उघड्यावर. तेव्हा मायनं मोहल्ल्यातल्या बाया एका जागी केल्या. एका खळ्यावर सगळ्यांनी जायचं, त्या घरचा चुरणा उरकायचा, मग दुसऱ्या. ज्या घरी बाई बाळंत होती तिचं खळं पहिल्यांदा. बैल हाकायला दहा-दहा वर्षांची पोरं. रात्री थंडीत शेकोट्या लावून खळ्यावर राखण, आणि झोप लागू नये म्हणून गाणी. बाबू सुटून आले तर धान ढोलीत होतं आणि तणसाची ढीग लागली होती. बाबू जन्मभर सांगत, "जेलात मी गेलो, पन सत्याग्रह तिनं केला." जेलात गेलेल्यांची मोजदाद झाली. खळी कोणी मोजली नाहीत.

यानंतर १९६९-७० सालचं पवनीचं उत्खनन. पवनी हे जुनं बौद्ध क्षेत्र आहे हे आज सर्वांना माहीत आहे, पण तेव्हा आमच्या लोकांना जगन्नाथ टेकडी म्हणजे फक्त टेकडी होती. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव आणि पुरातत्त्व खात्याचे जगत्पती जोशी यांनी तिथं खोदकाम केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. त्याचे दगडी कठडे, त्यावरची शिल्पं, पाच फण्यांचा मुचलिंद नाग, सगळं मातीखाली होतं. मातीकामाला मजूर लागत होते. चुरणा उरकला होता, हाताला काम नव्हतं, माय तिथं टोपलं उचलायला गेली. मी दीड-दोन वर्षांचा, झोळीत. म्हणजे तथागताच्या स्तूपाजवळ माझी झोळी बांधली होती, असं मी मिलमध्ये कधी मधी फुशारकीनं सांगतो.

मायला त्या कामाचं फार नवल. मोठमोठे साहेब गुडघ्यावर बसून कुंचीनं दगड झाडतात. "आमी भित पोततो तसे." एका दुपारी कोणीतरी मजुरांना समजावून सांगितलं, की या दगडावर जी अक्षरं आहेत ती दान देणाऱ्यांची नावं आहेत. मायनं विचारलं, बायायची बी हायेत का? आहेत, म्हणून उत्तर मिळालं. ही गोष्ट खरीच आहे. पवनीच्या ब्राह्मी लेखांत उपासिकांच्या दानाची नोंद आहे, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. दोन हजार वर्षांपूर्वी याच वैनगंगेच्या काठी एखाद्या बाईनं दगडाचं दान दिलं आणि कारागिरानं तिचं नाव त्यात कोरलं. त्या नावावरची माती डोक्यावर वाहून नेणाऱ्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

आपल्या विहाराची कल्पना तिथूनच निघाली असं माझं मत आहे. समितीच्या इतिवृत्तात तसं नाही, तिथं ठराव मांडणारे आणि अनुमोदन देणारे दोघेही पुरुष आहेत. पण मूठ तांदळाची चाल मायची, हे गावातली कोणतीही म्हातारी सांगेल. रोज सांजेला रांधायच्या आधी प्रत्येक घरानं एक मूठ तांदूळ वेगळ्या गाडग्यात टाकायचा. पौर्णिमेला सगळी गाडगी एका जागी रिकामी करायची. मी गिरणीतला माणूस, मला हिशेबाची खोड. बाईच्या मुठीत पन्नासेक ग्रॅम तांदूळ बसतो. मोहल्ल्यात तेव्हा चाळीसेक घरं. रोजचा दोन किलो, महिन्याचा साठ, वर्षाचा सात क्विंटलच्या वर. दुष्काळाच्या दिवसांतही, ज्या घरी पेजेवर भागत होतं, तिथली बाई चिमूट का होईना पण टाकत होती. माय कोणाच्या गाडग्यात किती हे कधी पाहत नसे आणि दुसऱ्या कोणाला पाहू देत नसे. गाडगं पदराखाली आणायचं आणि पदराखालीच ओतायचं असा तिचा दंडक होता. आता विहाराच्या दारावर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. त्यावर नाव येण्यासाठी किती रक्कम लागते ते आपणा सर्वांस माहीत आहे, जास्त बोलत नाही.

विहार उभा राहिला, पहिली बुद्धजयंती आली आणि पंचशील ध्वज मिळेना. पवनीच्या दुकानात तसं कापड नव्हतं, नागपूरला जायला वेळ नव्हता. मायनं ध्वज घरीच केला. पांढरं कापड होतंच. पिवळं हळदीत बुडवलं. निळ्यासाठी कपड्याची नीळ घट्ट कालवली. लाल पट्टा एका जुन्या लुगड्याच्या काठाचा. राहिला केशरी. फागुनात पळस फुलतो तेव्हा ती फुलं वेचून वाळवून ठेवायची तिची सवय होती, ती उकळून त्यात कापड टाकलं. दुसऱ्या पावसात निळा पांढऱ्यात उतरला आणि ध्वज बिघडला, पण त्या दिवशी तो विहारावर जसा फडकला तसा नंतर कोणताही नायलॉनचा ध्वज मला दिसला नाही. त्यावेळी मी चार-पाच वर्षांचा होतो, आठवण थोडी वाढलीही असेल.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला हात जड होतो.

१९९१ साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी झाली. मी तेविशीतला. मिलमध्ये कामाला, संध्याकाळी विहारात कार्यकर्ता. आम्ही एक हस्तलिखित अंक काढत होतो, अक्षर बरं म्हणून तो माझ्याकडे होता. एका रात्री माय माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "माये दोन गाने लिव न यात." मी म्हटलं, म्हण. तिनं एक म्हटलं. त्यात बाबासाहेब होते, दीक्षाभूमी होती, पण चाल जुनी होती आणि जुन्या चालीसोबत धुवपदात एका देवाचंही नाव आलं होतं. ते लहानपणापासून तोंडात बसलेलं, तिच्या ध्यानातही नव्हतं. मी चार माणसांसमोर तिला बोललो. बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना, मग हे काय म्हणतेस, असली गाणी आता सोडा, तुम्हा बायांमुळे चळवळ मागं राहते. तिनं काही उत्तर दिलं नाही. पेल्यात पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि आत गेली.

नंतर आठ-दहा दिवसांनी बांधीत मी तिला तेच गाणं म्हणताना ऐकलं. देवाचं नाव काढून तिथं तिनं वैनगंगेचं नाव घातलं होतं. चाल तशीच, मात्रा तशाच, गाणं आधीपेक्षा चांगलं झालं होतं. तेव्हाही मी ते लिहून घेतलं नाही. अंक निघून गेला होता.

पुढं काही वर्षांनी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चं पुस्तक मला एका मास्तरांनी दिलं. ते मी तीनदा वाचलं. हमाली करून शिकलेल्या आणि नागपुरात मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी त्यात भेटल्या. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, वीस-पंचवीस हजार बाया जमल्या, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. राधाबाई कांबळे तर माझ्यासारख्याच गिरणी कामगार, त्यांनी १९२९ च्या रॉयल कमिशनपुढं कामगारांची साक्ष दिली. अभिमान वाटला. पण वाचताना माझं मन त्या हजारांत अडकत होतं. व्यासपीठावरच्या बायांची नावं आहेत. समोर बसलेल्या वीस-पंचवीस हजारांत शेत सोडून आलेल्या किती असतील, आणि परत गेल्यावर त्यांनी रोवणीत काय गाणं केलं असेल?

त्याच मास्तरांनी बहिणाबाई चौधरींची गोष्ट सांगितली. त्या जळगावकडच्या, आपल्या समाजाच्या किंवा चळवळीच्या नव्हेत, पण शेतकरी बाईच. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीत विधवा झाल्या, लेकरं वाढवली, शेत केलं आणि काम करता करता गाणी रचली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि घरच्या एका भावानं त्यातली काही लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, आणि आचार्य अत्र्यांनी ती वही पाहून १९५२ साली पुस्तक निघालं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मास्तर मला म्हणाले नाहीत, पण मला समजलं. त्या माउलीच्या आणि माझ्या मायच्या मधात फरक गाण्याचा असेल नसेल, ते जाणकारांनी ठरवावं. फरक लेकाचा नक्की होता.

मग तरी लिहावं की नाही? माय हयात होती. पण मिलची पाळी, सरकारी धानाच्या भरडाईचा हंगाम, पोरांच्या शाळा, समितीच्या बैठका. उद्या लिहू, पावसाळ्यात लिहू. आपल्या जिल्ह्यात साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर झाडीबोलीसाठी गावोगाव फिरून काम करत होते, तेही मी पेपरात वाचत होतो. वाचत होतो, एवढंच.

२००६ साल धम्मदीक्षेच्या पन्नास वर्षांचं. २ ऑक्टोबरला दसरा होता. मायला घेऊन मी दीक्षाभूमीवर गेलो. तिच्या अंगावर पांढरं लुगडं, या वेळी नवं. लाखोंची गर्दी. ती गर्दीत बसून पन्नास वर्षांपूर्वीची जागा शोधत होती. त्याच्या तीन दिवस आधी, २९ सप्टेंबरला, आपल्याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीला सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलं सुधीर आणि रोशन यांना जमावानं मारून टाकलं होतं. आम्हाला, त्या लाखो माणसांना, काही पत्ता नव्हता. आम्ही फुलं वाहिली, पुस्तकं घेतली, घरी आलो. खरं काय घडलं ते पुढच्या आठवड्यांत कळत गेलं.

सुरेखाबाई म्हणजे कोण? पाचेक एकर शेती कसणारी, पोरीला बारावीपर्यंत पोचवणारी, कोणाच्या पुढं मान न वाकवणारी कास्तकाराची बायको. मायच्याच जातकुळीची. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती जन्मठेपेवर आणली. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले. हा सगळा इतिहास आहे आणि तो लिहिला गेला. माझ्या घरी एवढंच झालं, की माय त्या हिवाळ्यापासून गायची थांबली. रोवणीत जायची, वाकायची, रोप लावायची, पण गाणं उचलायची नाही. बायांनी आग्रह केला तर म्हणे, "तुमी म्हना, मी आयकतो." मी एकदा वही घेऊन बसलो, अगदी मनापासून बसलो. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आता नाई येत बापा. तवा येत होते."

२००९ च्या हिवाळ्यात ती गेली. चुरण्याचेच दिवस होते.

सध्या मी दर रविवारी वंदनेनंतर वही घेऊन विहाराच्या ओसरीत बसतो. मायसोबत रोवणीला जाणाऱ्या बायांपैकी पाच जणी हयात आहेत, त्यातल्या दोघींना ऐकू कमी येतं. आतापर्यंत वहीत नऊ गाणी झाली. वैनगंगेचं गाणंही मिळालं, पण तीन बायांनी त्याचं तिसरं कडवं तीन प्रकारे सांगितलं आणि प्रत्येकीचं म्हणणं, खरं ते माझंच. मी तिन्ही लिहून ठेवली. चुरण्याच्या रात्रीचं गाणं अजून कोणाला आठवत नाही. मतपेटीचं तर नाहीच. ज्यांच्या माय-आजी त्या काळी या बायांसोबत बांधीत होत्या, मग त्या लग्न होऊन लाखांदूरला गेल्या असोत की अड्याळला, त्यांनी एकदा विचारून पाहावं. अर्धी ओळ असली तरी चालते. वही विहाराच्या कपाटात वरच्या खणात ठेवलेली असते, किल्ली समितीकडे आहे, आणि मी नसलो तरी ज्याला लिहिता येतं त्यानं त्यात लिहावं, सोबत सांगणाऱ्या बाईचं नावही.